मामा, चाक किती आवळायचं?

मागच्या अंकात टायरच्या वयाबद्दल लिहिताना शेवटी एक वाक्य जाता जाता टाकलं होतं : टायर बदलून झाला की चाकाचे नट टॉर्क पान्यानं (ठरवलेल्या मापाचा जोर आला की खटका देणारा पाना) आवळून घ्या. टायरबद्दल फारसं कुणी विचारलं नाही, या वाक्यावर मात्र पत्रं येत राहिली. एकानं कळवलंय, "मामा, पंक्चरवाल्याला टॉर्क पाना म्हणालो तर तो माझ्या तोंडाकडं बघत बसला." तेव्हा या वेळी सगळा कट्टा नट-बोल्टांचा. पत्रं छाटली आहेत, नावं गाळून गावं ठेवली आहेत.

मिस्त्रीमामा, आमची पोलो आहे. उन्हाळ्यात चारही टायर नवीन घातले. दुकानातल्या पोरानं हवेच्या गननं टर्रर्र करून बघता बघता चाकं बसवून दिली. पावसाळ्यात गगनबावड्याला जाताना साळवणच्या अलीकडं पंक्चर झालं. मी आणि माझे मिस्टर आळीपाळीनं पान्यावर उभे राहिलो, बोल्ट हलायला तयार नाही. शेवटी एका ट्रकवाल्यानं लांब पाइप घालून सोडवून दिले. दुकानात जाऊन बोलले, तर मालक म्हणाले, "ताई, सैल राहण्यापेक्षा घट्ट बरं की!" खरं आहे का हे? आणि बरोबर घट्ट म्हणजे किती?
— एक वाचक, साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर

ताई, मालक अर्धंच खरं बोलले. राहिलेल्या अर्ध्यानं तुम्हाला पावसात उभं केलं.

पोलोच्या बोल्टाचं माप, म्हणजे आवळायचा टॉर्क (फिरवण्याचा जोर), १२० न्यूटन-मीटर. उद्यमनगरात आम्ही जुनी माणसं अजून 'किलो' म्हणतो, त्या भाषेत सव्वाबारा किलो. म्हणजे एक मीटर लांबीचा पाना असेल तर त्याच्या टोकाला सव्वाबारा किलोचा भार. पण गाडीसोबत मिळतो तो पाना साधारण पाव मीटरचा. तिथं तोच टॉर्क द्यायला टोकावर ४९ किलो लागतात. आता तुमच्या साळवणच्या प्रसंगाचा हिशेब मांडू. मिस्टरांचं वजन ७० धरा. पाना आडवा आणि ते अगदी टोकावर उभे, म्हणजे ७० गुणिले पाव मीटर, साडेसतरा किलो. न्यूटन-मीटरमध्ये १७० च्या वर. तरी बोल्ट हलला नाही. आवळताना लावलेला टॉर्क आणि सोडवताना लागणारा टॉर्क तंतोतंत सारखे नसतात, गंज धरला की सोडवायचा आकडा वाढतो. पण उन्हाळ्यात बसवलेल्या बोल्टाला पावसाळ्यापर्यंत एवढा गंज कुठला? गननंच तो मापाच्या बराच पुढं नेला असणार.

आता हे माप कशासाठी असतं ते सांगतो, म्हणजे मालकांशी पुन्हा बोलायला बरं पडेल. गाडीचं वजन बोल्टांवर टांगलेलं असतं असा पुष्कळांचा समज आहे. तसं नसतं. बोल्ट चाकाला हबच्या (चाक ज्याच्यावर बसतं त्या फिरत्या भागाच्या) तोंडावर दाबून धरतात, आणि त्या दोन सपाट पृष्ठभागांमधल्या घर्षणावर चाक टिकतं. ब्रेक मारला, खड्ड्यात आदळलं, घाटात वळलं, तरी चाक हबवर तसूभर सरकता कामा नये. सरकलं की बोल्ट कातरले जायला लागतात. तो दाब किती असतो? पोलोचा १४ मिलिमीटरचा बोल्ट, कोरडे स्वच्छ आटे, १२० चा टॉर्क, एवढ्यावर ढोबळ हिशेब केला तर एका बोल्टामागं सव्वाचार टनांच्या आसपास दाब येतो. पाच बोल्ट मिळून एकवीस टन. कर्नाटकातून येणारा ऊस भरलेला ट्रक चाकावर ठेवल्यासारखं हे प्रकरण आहे.

हा दाब येतो बोल्ट ताणला गेल्यामुळं. तुम्ही पाना फिरवता त्यातला निम्मा जोर बोल्टाचं डोकं घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांत जातो, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट लांब करण्यात कामी येतो. बोल्ट किंचित लांब होतो आणि मूळ लांबीवर यायला ओढ घेतो, ती ओढ म्हणजेच आपला दाब. मापात ताणला तर तो वर्षानुवर्षं तशीच ओढ देतो. मापाबाहेर ताणला तर एका टप्प्यानंतर पोलाद कायमचं लांबतं, मग त्याची परत येण्याची ताकद गेली. म्हणजे जास्त आवळलेला बोल्ट पुढं सैलच पडू शकतो! 'सैलपेक्षा घट्ट बरं' याला माझं हे उत्तर.

शिवाय तुमच्या गाडीला स्टड (हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) आणि त्यावर नट असं नाही, बोल्ट आहेत, आणि त्यांचे आटे हबमध्ये आहेत. मारुतीच्या गाडीत आटे गेले तर स्टड बदलून भागतं. तुमच्याकडं आटे गेले तर थेट हबचा खर्च. नवीन बोल्ट लावताना सुरुवातीचे फेरे कायम हातानं द्यायचे, गन आट्यावर वाकडी लागली तर पोराला कळतसुद्धा नाही.

गन वाईट नाही, मी स्वतः भाच्याच्या गॅरेजात रोज बघतो. पण अर्ध्या इंचाची साधी गन पाचशे न्यूटन-मीटरच्या पुढं सहज जाते, आणि तिच्यावरचे एक-दोन-तीन आकडे म्हणजे टॉर्कचं माप नव्हे. कॉम्प्रेसरमध्ये हवा किती, नळी किती लांब, पोरानं बोट किती वेळ दाबून धरलं, यावर सगळं. बोल्ट टेकेपर्यंत गन, पुढं टॉर्क पाना, एवढी पद्धत पाळली तर माझी तक्रार नाही. दुकानात गेलात की आधीच सांगा, नंतर नको. आणि जाताना मॅन्युअलचं ते पान मोबाईलमध्ये काढून न्या. होंडा सिटीला १०८ आहे. ह्युंदाईच्या नव्या गाड्यांना ११ ते १३ किलो. सुझुकीच्या गाड्यांत पिढीनुसार ८५ सुद्धा आहे आणि १०० सुद्धा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही, कधी कधी आपल्याच जुन्या गाडीचासुद्धा नाही.

रस्त्यावर टॉर्क पाना नसेल तर? पाव मीटरचा पाना आडवा धरून टोकावर पन्नासेक किलोचा भार येईल एवढं अंग टाकायचं. तुमचं वजन पंचावन्न-साठ असेल तर हातांवर जवळजवळ सगळं अंग झोकून द्यायचं, पण उडी मारायची नाही. आणि घरी पोचल्यावर मापानं आवळून घ्यायचं. ताकद दाखवायला कोल्हापुरात तालमी आहेत, बोल्ट त्यासाठी नाहीत.

काका, आमचं गाव पुराचं. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा गाडी पाण्यात होती. तेव्हापासून चाकं काढताना हबला चिकटून बसतात, लाथा मारून काढावी लागतात. वडील म्हणतात, आट्यांना ग्रीस चोपडून नट घाल, पुन्हा त्रास नाही. त्यांनी आयुष्यभर तसंच केलंय. करू का?
— एक वाचक, प्रयाग चिखली

वडिलांना माझा नमस्कार सांगा, आणि आट्यांना ग्रीस लावू नका. दोन्ही एकदमच सांगा, म्हणजे घरात वाद होणार नाही.

वर ताईंना सांगितलं ते लक्षात घ्या : टॉर्कचा नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, आणि कंपनीचा आकडा कोरडे, स्वच्छ आटे धरून ठरवलेला असतो. आटे तेलकट झाले की घर्षण कमी होतं आणि तोच जोर जास्त प्रमाणात बोल्ट ताणण्यात जातो. आकड्यात सांगायचं तर कोरड्या आट्याला घर्षणाचा गुणक ०.२ च्या आसपास धरतात, तेल लागलं की ०.१५ वर येतो. मग पान्यावर १०८ वाचलं तरी स्टडवर ताण पडतो तो कोरड्या आट्याला १४४ नं आवळल्याइतका. पान्याचा खटका बरोबर वाजतो, तुम्हाला वाटतं सगळं मापात आहे, आणि स्टड आतून ओरडत असतो. वडिलांनी आयुष्यभर केलं आणि काही झालं नाही, कारण ते अंदाजानं आवळत होते. हाताला घट्ट लागलं की थांबत होते. ग्रीस आणि टॉर्क पाना, दोन्ही एकत्र आलं की गोची. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच तेल लावा असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, मग आकडाही त्यांनी तसाच दिलेला असतो.

तुमचा खरा त्रास आट्यांचा नाहीच. चाक चिकटतं ते मधल्या गोल उंचवट्याला, जो चाकाच्या मधल्या भोकात बसतो. तिथं वायर ब्रशनं गंज काढा, हबचं सपाट तोंडही लख्ख करा, चाकाची मागची बाजूसुद्धा. मग फक्त त्या उंचवट्यावर तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात फिरवा, बोटावर मावेल एवढाच. सपाट तोंडाला नाही, नटाच्या बैठकीला (नट चाकावर टेकतो ती जागा) नाही. ब्रेकच्या डिस्कवर एक थेंब गेला तर पुसून ब्रेक क्लीनर मारा.

लाथा मारणं तेवढं बंद करा. जॅकवर असलेल्या गाडीला लाथ मारणारी माणसं मी पाहिली आहेत, गाडी जॅकवरून उतरते आणि मग कुणाची बोटं मोजायची ते कळत नाही. नट एकेक फेरा सैल ठेवून गाडी हळू खाली उतरवा, वजनानं चाक आपोआप सुटतं. गंजून फुगलेले नट असतील तर नवीन घ्या, त्यात काटकसर नको.

पंक्चर काढून दोन दिवस झाले. शिये फाट्याजवळ हळू चालवताना डाव्या मागच्या चाकातून टक टक आवाज येतो, वेग वाढला की ऐकू येत नाही. रविवारी गॅरेजला नेऊ का?
— एक वाचक, शिरोली

रविवारपर्यंत थांबू नका. हे छापून येईपर्यंत तुम्ही गाडी बघितली असेल अशी आशा आहे. संपादकांना सांगून तुम्हाला फोन करवलाय. इतरांसाठी लिहितो : चाक काढल्यानंतर लगेच हळू वेगात टक टक सुरू झाली तर पहिला संशय सैल नटांचा. गाडी बाजूला घ्यायची, तिथंच पाना लावून बघायचं. नटाखालून गंजाच्या किंवा काळ्या रेषा बाहेर आलेल्या दिसल्या, किंवा चाकाचं भोक लांबोडकं झालं असेल, तर ते चाक पुन्हा वापरायचं नाही. एखादा स्टड तुटला असेल तर तो एकटाच बदलून भागत नाही, त्याच्या शेजाऱ्यांनी त्याचा भार उचललेला असतो, तेही बदलायचे.

सर, बेळगावला जाता-येता तवंदी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाले म्हणतात, डिस्क वाकल्या, दोन्ही नवीन घाला. गाडी पन्नास हजारसुद्धा चाललेली नाही. पुढचे टायर मागं, मागचे पुढं असे फिरवून घेतल्यानंतर काही महिन्यांनी हे सुरू झालं. संबंध असेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

असू शकतो, आणि तो शोधल्याशिवाय डिस्कला पैसे घालू नका.

आधी एक प्रश्न : ब्रेक न दाबता, नुसत्या वेगातही थरथरतं का? तसं असेल तर बॅलन्सिंग, टायर किंवा रिम बघा, या उत्तराचा तुम्हाला उपयोग नाही. तुम्ही लिहिलंय की ब्रेक दाबल्यावरच होतं, म्हणून पुढं जातो.

हबवर डिस्क बसते, डिस्कवर चाक, आणि नट दोघांना मिळून दाबतात. आता एक नट गननं दोनशेला गेला, शेजारचा पोरानं घाईत ऐंशीवर सोडला, आणि मध्ये गंजाचा एक पापुद्रा राहिला, तर डिस्क हबवर सरळ बसत नाही. किती वाकडी? डोळ्यानं दिसणार नाही. मी शिरोलीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो, तिथं डायल गेज (बारीक डगमग मोजायचं साधन) लावल्याशिवाय कुठल्याही गोल वस्तूला गोल म्हणायची सोय नव्हती. डिस्कच्या बाबतीत बहुतेक कंपन्या एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून कमी डगमग चालवून घेतात. त्याच्या पुढं गेली की भानगड सुरू.

भानगड अशी. ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा तो बाहेर आलेला भाग दर फेऱ्याला ब्रेकच्या पॅडला (डिस्कला दाबून धरणारा तुकडा) चाटून जातो. ऐंशीच्या वेगात चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरतं. हजारो किलोमीटर असं चाटत राहिलं की तेवढ्याच जागेवर डिस्क झिजते, म्हणजे ती कुठं जाड, कुठं पातळ होते. मग ब्रेक दाबला की पॅड आत-बाहेर ढकललं जातं, आणि तोच धक्का तुमच्या हातापर्यंत येतो. तुमचा त्रास टायर फिरवल्याबरोबर नाही, काही महिन्यांनी सुरू झाला, हे याच्याशी जुळतं. लोक याला 'डिस्क वाकली' म्हणतात. डिस्क वाकलेली नसते, वाकडी बसवलेली असते आणि मग असमान झिजलेली असते.

करायचं काय : पुढची दोन्ही चाकं काढा, डिस्कही काढा, हबचं तोंड साफ करा, सगळं परत बसवा आणि नट समोरासमोर, टप्प्याटप्प्यानं मापात आवळा. चार नट असतील तर एक झाला की त्याच्या समोरचा. पाच असतील तर एक सोडून पुढचा. पहिली फेरी निम्म्या टॉर्कची, दुसरी पूर्ण. मग घाट उतरून बघा. झीज थोडी असेल तर फरक जाणवेल. नाही जाणवला तर मायक्रोमीटरनं डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजायला सांगा. जो मोजून आकडे दाखवेल त्याच्याकडं डिस्क टर्न करायला (लेथवर सपाट करायला) किंवा बदलायला द्या, जो नुसतं हात फिरवून 'गेलीय' म्हणेल त्याच्याकडं नको. आणि नवीन डिस्क घातलीत आणि चाक पुन्हा गननंच ठोकून घेतलंत, तर पुढच्या वर्षी हेच पत्र मला पुन्हा येईल.

चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, असं बिलावर छापलेलं असतं. मापात आवळलं असेल तर पुन्हा कशाला? की दुकानदार स्वतःची जबाबदारी झटकतात?
— एक वाचक, सांगली

झटकतात तेही आहे. पण सूचना खरी आहे, आणि तिच्यामागचा आकडा मला फार आवडतो.

१२ मिलिमीटरचा स्टड मापात आवळला की तो लांबतो किती? ताणला जाणारा भाग दोन-अडीच सेंटिमीटरचा धरला तर पन्नास-साठ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चार टनांचा सगळा दाब या पन्नास-साठ मायक्रॉनच्या ताणावर उभा आहे. आता चाकावर नवीन रंग असेल, तर त्या पावडर कोटिंगचा थरच साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो. बैठकीतला तो रंग चालवताना दबला, खरवडला, हबवरची मातीची एक चिमूट चुरडली गेली, की तेवढा ताण उतरला. नट फिरलेला नसतो, जागचा हललेला नसतो, तरी दाब निम्म्यावर आलेला असतो. म्हणून नवीन रिम, नवीन रंग, नवीन स्टड किंवा अलॉय चाक असेल तर दुसऱ्यांदा आवळणं सोडू नका. जुनं लोखंडी रिम, साफ हब, तर बहुधा नट हलणार नाही, पण बघायला दोन मिनिटं लागतात.

तुम्ही सांगलीचे. कोल्हापूरला येऊन परत गेलात की शंभर भरले. चाकं थंड होऊ द्या, गाडी जमिनीवर उभी असू द्या, नट आधी सोडवू नका. पाना मापावर लावून खटका येईपर्यंत पुढं ओढा, बस्स.

मामा, क्रेटाला सतरा इंची अलॉय घातले, भारी दिसतात. पण कंपनीचे नट त्यात नीट बसत नाहीत. दुकानदारानं दुसरे दिले, म्हणाला "बसतंय की भावा." चालतील ना?
— एक वाचक, राजारामपुरी

'बसतंय की' ही आपल्याकडची गुणवत्ता तपासणी आहे, काय करणार.

बाळ, तीन गोष्टी बघ. पहिली, नटाची बैठक. बहुतेक नट निमुळते असतात, साठ अंशांच्या कोनाचे. फोक्सवॅगन, स्कोडाच्या बोल्टांची बैठक गोलाकार असते. काही जुन्या टोयोटा अलॉयना सपाट, वायसरवाले नट लागतात. निमुळता नट गोलाकार खड्ड्यात गेला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. टॉर्क पाना खटका देतो, पण ती रेघ चेपली की सगळं सैल. तपासायला सोपं आहे : नटाच्या बैठकीला मार्करचा शाईचा हात मार, हलकासा आवळ, सोडव. शाई रुंद पट्ट्यात सगळीकडून पुसली गेली असेल तर ठीक. एकाच कडेनं पुसली असेल तर नट परत कर.

दुसरी, आटे. ह्युंदाईचे आटे १२ बाय १.५ (१२ मिलिमीटर जाडी, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), मारुतीचे १२ बाय १.२५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे गोड जातो आणि मग अडतो, आणि तिथं गन लावली की स्टडचं वाटोळं. नवीन नट हातानं, बोटांनी, शेवटपर्यंत गेला पाहिजे, आणि चाकासकट मोजलास तर किमान आठ फेरे आट्यात जायला हवेत.

तिसरी, मधलं भोक. बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम पुष्कळ गाड्यांना खपतं. मधली फट भरायला रिंग मिळते, ती घाल, म्हणजे चाक मधोमध बसेल. आणि तुझी स्टेपनी लोखंडी असेल तर कंपनीचे जुने नट एका पिशवीत घालून डिकीत ठेव. नाहीतर पंक्चर झाल्यावर कळायचं की नवीन नट स्टेपनीला बसत नाहीत.

स. न. वि. वि. आपले लेखन वाचून मी एक टॉर्क पाना विकत घेतला. खात्रीसाठी प्रत्येक नटाला तीन वेळा खटका देतो. पाना १०८ वर लावून कायम डिकीत असतो, त्यामुळे दर वेळी आकडा लावण्याचा खटाटोप वाचतो. नट सोडवायलाही तोच वापरतो, दांडा लांब असल्याने सोपे जाते. पद्धत योग्य आहे ना, हे कळवावे.
— एक निवृत्त शिक्षक, जयसिंगपूर

गुरुजी, पाना घेतलात याचा आनंद झाला. पुढचं जरा परखड आहे, सांभाळून घ्या.

खटका एकदाच. दुसरा, तिसरा खटका देताना नट दर वेळी थोडा पुढं सरकतो, आणि मनातली खात्री वाढते तसा टॉर्कही वाढतो. ओढही सावकाश, एका दमात, मुठीच्या मधल्या खुणेवर हात ठेवून. झटका दिला तर खटका वाजायच्या आत जोर पुढं निघून गेलेला असतो.

काम झालं की आकडा त्याच्या सगळ्यात खालच्या मापावर आणून ठेवा. आत एक स्प्रिंग असते, १०८ वर लावलेली म्हणजे ती कायम दाबलेली, हळूहळू तिची ताकद बदलते. पण सगळ्यात खालच्या खुणेच्याही खाली सैल करू नका, आतले भाग जागा सोडतात. आणि तो पाना सोडवायला मुळीच वापरू नका. गंजलेला नट दोनशेच्या पुढंही जोर मागतो, तिथं पान्याचं माप जातं. सोडवायला टॉमी (लांब दांड्याचा साधा पाना) वापरा, स्वस्त असते.

नवीन घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी : सॉकेट बसायला अर्ध्या इंचाचा चौकोन, चाळीस ते दोनशे न्यूटन-मीटरचा पल्ला, एवढा पाना सगळ्या कारना पुरतो. पल्ल्याच्या अगदी तळाशी त्याचा आकडा भरवशाचा नसतो, तुमचं माप मधे कुठंतरी येईल असा घ्या. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं चांगल्या पान्याची चूक चार टक्क्यांच्या आत असते, आणि बारा महिने किंवा पाच हजार खटके, जे आधी होईल तेव्हा तपासणी. घरच्या वापराला पाच हजार खटके जन्मात व्हायचे नाहीत, पण दोन-तीन वर्षांतून एकदा दाखवून घ्यावा. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला तुमचा एखादा विद्यार्थी कारखान्याच्या क्वालिटी विभागात असेलच. त्यांची मापं जिथं तपासायला जातात तिथं आपलाही पाना पाठवता येतो का, विचारा.

आजोबांची जुनी विलीज जीप दुरुस्त करतोय. डाव्या पुढच्या चाकाचे नट काही केल्या सुटत नाहीत. पाइप घालून झालं, दोन नटांचे कोपरे गोल झाले. आता गॅसनं तापवू का?
— एक वाचक, पन्हाळा

थांब! तापवू नकोस, आधी फिरवायची दिशा बघ.

विलीज जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. तू सोडवतोयस असं तुला वाटतंय, प्रत्यक्षात पाइप घालून आवळत चाललायस. कारण असं : गाडी पुढं जाते तेव्हा डाव्या बाजूनं बघितलं तर चाक घड्याळाच्या उलट फिरतं, आणि सरळ आट्याचा नटही त्याच दिशेनं सुटतो. तो चालता चालता सुटेल या भीतीनं त्या काळी डावीकडं उलटे आटे घालायचे. पुढं निमुळत्या बैठकीचे नट आणि योग्य टॉर्क यांवर विश्वास बसला आणि कारमधून ही पद्धत गेली.

स्टडच्या टोकावर वायर ब्रश मार. 'एल' हे अक्षर कोरलेलं दिसलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सोडव. अक्षर झिजलं असेल तर बाहेर आलेल्या आट्यांचा कल बघ, उजव्या चाकाच्या स्टडशी ताडून लगेच कळतं. आणि प्रत्येक स्टड वेगळा तपास, कारण इतक्या वर्षांत कुणीतरी एखादा तुटलेला स्टड बदलताना हाताला येईल तो सरळ आट्याचा ठोकलेला असू शकतो. कोपरे गोल झालेल्या दोन नटांना सहा कोनी सॉकेट हातोडीनं ठोकून बसव, बारा कोनी नको, आणि गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू दे.